नकाशातला कोरा चिखल

माझे थोरले दीर म्हणजे आमच्या किनाऱ्याचे कप्तान. समुद्रावर असले की वादळही त्यांना वचकून असतं, आणि घरी असले की त्यांना स्वतःचा टॉवेल सापडत नाही. या माणसाने मच्छीमार समितीसाठी नकाशा काढला आणि त्यात घोळ घातला. बरं, घातला तोही चांगल्या मनाने, म्हणजे धड भांडताही येईना.

झालं असं की मासा कमी होत चालला म्हणून सरकारी कार्यालयाने सांगितलं, आपल्या पाण्यातला एक तुकडा तुम्हीच निवडा आणि तीन वर्षं बंद ठेवा. तिथे कोणी काही पकडायचं नाही, पिल्लं वाढू द्यायची. समितीत अकरा पुरुष. आपलं पाणी कोण सोडणार? मग कप्तानांनी तोड काढली. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला उघडा पडणारा मोठा चिखल आहे. तिथे बोट जात नाही, जाळं टाकता येत नाही. तोच देऊन टाका. नकाशावर त्यांनी त्याच्याभोवती लाल रेघ मारली आणि आत लिहिलं, 'वापर नाही'. साप मेला, काठीही मोडली नाही. अकराच्या अकरा जण खूश.

तो नकाशा घेऊन भाऊजी घरी आले तेव्हा मी आणि जाऊबाई मागच्या दारी शिंपल्या धूत होतो. त्याच चिखलातून सकाळी वेचून आणलेल्या. भाऊजींनी कौतुकाने नकाशा उलगडला. जाऊबाईंनी हात पुसले, लाल रेघ पाहिली आणि हळूच विचारलं, "मग मी कुठे जाऊ?"

"तू कुठे जातेस?" भाऊजी म्हणाले.

त्यांना खरंच माहीत नव्हतं. ओहोटीच्या वेळी ते पाण्यावर असायचे, नाहीतर झोपलेले. ताटात येतं ते स्वयंपाकघरातच उगवतं, असं बऱ्याच पुरुषांना वाटतं. जाऊबाई पुन्हा शिंपल्या धुऊ लागल्या. गिळून टाकायची त्यांना सवय. मला नाही. मी म्हटलं, भाऊजी, वादळाच्या दिवसांत बोटी दोन-दोन महिने बांधलेल्या असतात, तेव्हा आपण काय हवा खातो? चाळीस घरांतल्या बायका त्या चिखलात उतरतात म्हणून चुली पेटतात. परवा अधिकारी येणार, सह्या होणार. त्याआधी उद्या ओहोटीला आमच्याबरोबर चला आणि मग काय ती रेघ मारा.

आले बाई. इस्त्रीचा शर्ट घालून आले. दहा पावलं टाकली नाहीत तोच गुडघ्यापर्यंत रुतले, आणि बायकांची हसून मुरकुंडी वळली. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. मागे फिरून त्यांनी हात दिला, टाच रोवू नका म्हणाल्या, पाऊल सपाट ठेवा आणि एका जागी थांबू नका. लग्नाला तीस वर्षं झाली, पण चारचौघांत त्यांनी एकमेकांचा हात धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. बाहेर निघाल्यावरही तो कोणी सोडला नाही. चिखलाची सबब चांगली होती.

मग जाऊबाई आम्हा बायकांनी दिलेल्या नावांनी एकेक जागा दाखवू लागल्या. हे माहेर, इथे हात घातला की ओंजळ भरते. ते पलीकडचं सासर, तिथे तुटक्या शिंपांनी पाय कापतात. झाडांच्या मुळांजवळचा तो कोपरा लेकुरवाळा, तिथे पिल्लं असतात, तिथे कोणी हात घालायचा नाही. हा नियम कोणाचा, असं भाऊजींनी विचारलं. तुमच्या आईचा, जाऊबाई म्हणाल्या. भाऊजींनी कानावरची पेन्सिल काढली, पण लिहिलं काहीच नाही.

शेवटी एका उंचवट्यावर आलो. त्याला आम्ही बघणी म्हणतो. इथे काय मिळतं, असं त्यांनी विचारलं आणि आम्ही बाकीच्या उगाचच टोपल्या चाचपू लागलो.

"काही नाही," जाऊबाई म्हणाल्या. "इथून खाडीचं तोंड दिसतं. तुमची बोट चार दिवस आली नव्हती ना, तेव्हा मी इथेच वेचत होते."

"अगं, त्याला एकवीस वर्षं झाली."

"हो. पण तुम्ही रोजच जाता ना."

भाऊजी खाडीकडे तोंड करून उभे राहिले. पायाखालचा चिखल त्यांना पुन्हा आत ओढत होता, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. या माणसावर मी किती वर्षं मनातल्या मनात चिडत आले होते, आणि त्या घटकेला मला त्यांच्याबद्दल मायाच वाटली.

दुसऱ्या दिवशी बैठकीला ते जाऊबाईंना घेऊन गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मीही गेले. लाल रेघ चुकली, चूक माझी, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. चिखलाऐवजी खाडीबाहेरच्या खडकामागचं पाणी बंद करा म्हणाले. सगळे एकमेकांकडे बघू लागले, कारण खडकामागे सगळ्यात जास्त मासळी कोणाला मिळते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आणि तू खाशील काय?" खजिनदाराने विचारलं.

"इतकी वर्षं खातोय तेच," भाऊजी म्हणाले. "हिने आणलेलं. मला कळत नव्हतं, एवढंच."

कुणीतरी खाकरलं. अधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि जाऊबाईंना विचारलं, चिखलातल्या जागा सांगाल का? बसायला खुर्ची नव्हती. भाऊजींनी आपली दिली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. जाऊबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या, मग नीट मागे सरकून बसल्या.

"सावकाश लिहा," त्या म्हणाल्या. "बऱ्याच आहेत."