उलटं झाकण

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात थोरल्या जावेचे नियम मोजके होते, आणि ते तिनं धाकटीकडून पहिल्याच दिवशी तोंडपाठ करून घेतले होते. पाच किलोचा डबा फोडला की माल त्या डब्यात ठेवायचा नाही. टोमॅटो सॉस असो, मोहरीचा सॉस असो नाहीतर मेयोनीज, उकळून वाळवलेल्या काचेच्या बरण्यांत भरायचा, वर फोडल्याची तारीख चिकटवायची आणि बरण्या थेट फ्रिजमध्ये. जुनी बरणी पुढे, नवी मागे. आणि चमचा कोरडा, अगदी खडखडीत. "रडायचं असेल तर खुशाल रड," ती म्हणायची, "पण बरणीपासून चार पावलं लांब जाऊन."

याखेरीज एक खूण होती, ती थोरलीची स्वतःची. एखाद्या बरणीबद्दल मनात शंका आली की ती झाकण उलटं करून बरणीवर नुसतं टेकवून ठेवायची. उलटं झाकण दिसलं की हात मागे. चव घेऊन बघायची नाही, कारण विचारायचं नाही.

थोरली जाऊन तीन महिने झाले होते, आणि सोमवारी सकाळी धाकटीनं मोठ्या फ्रिजचं कुलूप काढलं तर पुढच्या रांगेतल्या बरणीचं झाकण उलटं होतं.

थोरलीच्या जागी आलेल्या बाईला सगळे नवी म्हणत. धाकटीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं, तरी ती उसळलीच.

"माझ्याकडे काय बघता? चावी तुमच्या गळ्यात आणि आळ माझ्या गळ्यात होय?"

धाकटीनं बरणीचा वास घेतला. माल उत्तम होता. तरी तिनं तो फेकला. मंगळवारी दुसरी बरणी. बुधवारी तिसरी. रोज रात्री ती प्रत्येक झाकण मनगट दुखेपर्यंत आवळायची, कुलूप दोनदा ओढून बघायची, आणि रोज सकाळी एक झाकण पालथ्याचं उताणं होऊन तिची वाट बघत असायचं.

आता, ती इतकी का घाबरली? भूत-प्रेत मानणाऱ्यांतली ती नव्हती. पण मनात जे पुरलेलं असतं, त्याला उगवायला पाऊस लागत नाही.

थोरली होती तेव्हाचा, चारेक महिन्यांपूर्वीचा तो असाच एक मंगळवार होता. दुपारची घाई, गॅसवर तीन पातेली, आणि धाकटीनं बेसिनमधला चमचा निथळताच मेयोनीजच्या बरणीत घातला. तेवढ्यात हाक आली म्हणून गेली. बरणी शेगडीशेजारी दुपारभर तापत राहिली. चार वाजता आठवण झाली, तेव्हा तिनं इकडेतिकडे बघितलं, काठ पुसला आणि बरणी गुपचूप फ्रिजमध्ये सरकवली. थोरली दारात उभी होती, हे तिला वळल्यावर दिसलं. थोरली काही म्हणणार, एवढ्यात तिला माल उतरवायला बोलावणं आलं. संध्याकाळच्या ताटांत ती बरणी गेली. रात्रीत नऊ म्हातारी माणसं आजारी पडली. रिटायर्ड स्टेशनमास्तर तर अकरा दिवस दवाखान्यात होते.

"हात कुणाचा?" मॅनेजरनं विचारलं.

धाकटीनं मान खाली घालून पातेलं घासायला घेतलं. थोरलीनं तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "माझा."

थोरलीला घरी बसवलं. चाळीस दिवस ती खिडकीशी खुर्ची टाकून बसली. एकेचाळिसाव्या सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. देव सगळं बघतो, असं आपण म्हणतो. पण बघून गप्प राहिलेलं माणूस त्याहून जड जातं.

तेव्हापासून भावजी, म्हणजे थोरलीचा नवरा, दर रविवारी फळं घेऊन आश्रमात येत आणि स्टेशनमास्तरांपुढे हात जोडत. "बायकोकडून चूक झाली, तेवढी पोटात घाला." ताटं सरकवायच्या खिडकीतून धाकटीला ते दर रविवारी ऐकू यायचं. दर रविवारी ती नळ मोठा सोडायची.

शनिवारी मॅनेजर कचऱ्याची बादली बघून आत आला.

"आठवड्यात सहा बरण्या? नवी येण्याआधी असं कधी झालं नव्हतं. उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा तिला."

धाकटीनं पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला. मागे नवी उभी होती, भांडी पुसत. तिनं फडक्याची घडी घातली, ओट्यावर ठेवली. "माझी इथली चप्पल नि डबा उद्या नेते," एवढंच म्हणाली. एरवी तिला गप्प करायला दोन माणसं लागत.

रविवारी धाकटीनं कुलूप काढलं आणि दार धरूनच उभी राहिली.

सगळी झाकणं उलटी होती. तेवीसच्या तेवीस. आणि अगदी पुढच्या बरणीवर, झाकणाच्या खळग्यात, एक चमचा होता. त्यावरून पाणी ठिबकत होतं. फ्रिजमधलं पाणी गार असायला हवं ना? थेंब तिच्या पायावर पडला तो कोमट होता, ऊन पाण्यात भांडी धुताना उडतो तसा. मागून थोरली श्वास घेते आहे, असं तिला वाटलं. ओरडायला नव्हे. विचारायला. हात कुणाचा?

जेवणघरात खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, आणि मग भावजींचा. "बायकोकडून चूक झाली..."

या वेळी धाकटीनं नळ सोडला नाही. चमचा मुठीत धरून ती बाहेर गेली. मॅनेजर दाराशी होता, नवी पायात चप्पल सरकवत होती, स्टेशनमास्तर केळं सोलत होते.

"भावजी, हात जोडू नका," ती म्हणाली. "ओला चमचा मी घातला होता. बरणी मी शेगडीशेजारी तापत ठेवली होती. आणि या आठवड्यात नवीनं काही केलेलं नाही. बरण्या मी फेकल्या."

मग स्टेशनमास्तर हळूच म्हणाले, "अकरा दिवस सलाइनवर काढले, आणि गाडी कुणी घसरवली ते आज कळतंय."

भावजींनी मात्र वेगळंच विचारलं. "तिला माहीत होतं?"

"हो."

"चाळीस दिवस ती माझ्यासमोर बसली होती. आणि मी रोज म्हणायचो, जरा लक्ष द्यायचं होतंस." त्यांनी फळांची पिशवी उचलली. धाकटीकडे न बघता तिच्या हातात दिली. "आता तूच वाट. सगळ्यांना. नऊजणांना आधी."

तिनं वाटली. कुणी घेतली, कुणी हात मागे घेतला. एका आजीनं केळं घेतलं आणि तिचं मनगट बराच वेळ सोडलं नाही.

मॅनेजरनं नवीला चप्पल काढायला सांगितली आणि धाकटीपुढे चावीसाठी हात केला. "नवीला नियम सांगून मगच निघा."

"सगळेच?" नवीनं विचारलं. "की मला घालवायचे तेवढे?"

"सगळे," धाकटी म्हणाली, आणि फ्रिज उघडला.

झाकणं सरळ होती. तेवीसही. एक फिरवून बघितलं तर इतकं घट्ट की तिच्यानं हललं नाही. तिच्याहून जोरकस मनगटानं आवळलेलं. जुन्या बरण्या पुढे, नव्या मागे.

फळं वाटतानाही न सोडलेली डावी मूठ तिनं उघडली. चमचा खडखडीत कोरडा होता, आणि फडक्यानं घासून पुसल्यासारखा ऊन.

"काय झालं?" नवी म्हणाली. "डोळे भरले की तुमचे."

धाकटी बरण्यांपासून मागे सरली. एक, दोन, तीन, चार पावलं. मग तिनं रडून घेतलं.