पेजेतलं मीठ

देवबागच्या वाळूवर जन्म काढायचा आणि माशापासून दूर राहायचं, हे बोलायला सोपं आहे हो. करून बघा म्हणजे कळेल. जानकीचा नवरा सत्यवान रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा गडी. सासू हौसाबाई, बांगडे खारवण्यात अख्ख्या वाडीत तिचा हात धरणारं कोणी नाही. जानकी स्वतः डोक्यावर पाटी घेऊन मालवणच्या बाजारात मासे विकायची. आणि ह्या असल्या घरात तुळसा जन्माला आली, नवसासायासाची एकुलती एक पोर, जिचे जेवता जेवता ओठ फुगायचे, अंगभर गांधी उठायच्या आणि छाती अशी वाजायची की ऐकणाऱ्याचाच जीव घाबरा व्हावा.

सुरुवातीला माशाचं नाव कोणी घेतलं नाही. घेणार तरी कसं? माशाने माणसाला बाधतं असं त्या वाडीत कोणी म्हटलं असतं, तर त्याच्याच अंगावरून मिरच्या ओवाळल्या असत्या. हौसाबाईने देवाला कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, अंगारा आणला, कोंबडा सोडला. पोर सहा वर्षांची झाली आणि एका दुपारी तिचे ओठ निळे पडले. तेव्हा मात्र जानकीने कोणाचं ऐकलं नाही. गळ्यातल्या पुतळ्या मोडल्या, पोरीला काखोटीला मारलं आणि मालवणहून बोटीत बसून थेट मुंबई गाठली.

तिथल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरने तुळसाला पालथी निजवली. पाठीवर शाईने चौकोन आखले, एकेका चौकोनात कसल्या कसल्या अर्काचा थेंब ठेवला आणि सुईने बारीक ओरखडा काढला. भात, दूध, अंडं, नारळ, घरातली धूळ, आणि मासे.

"आये, माज्या पाठीर काय लिवतत गो?" पोर विचारत होती.

"तुजा नशीब लिवतत. गप रव, हलू नको," जानकी म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं.

थोड्या वेळाने बाकीचे चौकोन जसेच्या तसे राहिले आणि माशांच्या चौकोनांत ह्या एवढाल्या गांधी उठल्या. डॉक्टर चष्मा काढून म्हणाला, "बाई, हिला मासा म्हणजे विष. ओला, सुका, खारवलेला, कुठलाच नको. शिजतानाची वाफसुद्धा नको. आज ओठ सुजतात, एक दिवस घसा आतून सुजेल, आणि मग कोणाकडे न्यायलाही वेळ मिळणार नाही."

"डॉक्टरसायबानू, मगे हिका घालू काय पोटाक?"

"काहीही द्या हो. भात द्या, भाजी द्या. त्रास झालाच तर दोन दिवस नुसती मिठाची पेज. पेजेसारखं निर्धोक दुसरं काही नाही."

जानकीने ते शब्द पदरात बांधून आणले आणि घर उलटंपालटं केलं. तुळसासाठी नवी मडकी, नवी पळी, मागच्या पडवीत वेगळी चूल. सुक्या माशांचं सगळं खालच्या अंगाला राहणाऱ्या लवूच्या मांगरात, सामान ठेवायच्या खोपीत गेलं. सत्यवानाने रापणीवरून आला की विहिरीवर अंग धुवायचं, कपडे कुंपणावर टाकायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. जानकीची पाटी सुटली. ती लोकांच्या वाड्यांत माडांना पाणी शिंपायला जाऊ लागली. आणि तिने स्वतः मासा सोडला. देवबागच्या बाईने! आठ दिवस घास घशाखाली उतरेना, नुसत्या सोलकढीवर भात गिळायचा आणि डोळे पुसायचे.

वाडीला काय, आयतीच करमणूक. विहिरीवर तुळसाच्या वयाच्या पोरींच्या आया खिदळायच्या, "पाण्यात रवान माशाशी वैर गो जानक्ये! आता घाटार जावन रव."

"जातंय," जानकी म्हणायची. "तू पयली माजा उसना सूप दी, मगे जातंय."

पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त जर कोणी केलं असेल, तर ते हौसाबाईने. तोंडाने फटकळ बाई, पण नातीवर तिचा जीव. दुधापेक्षा साय प्यारी म्हणतात ते काही खोटं नाही. बांगडे खारवायची ती लवूच्या मांगरात, तिथून येताना विहिरीवर नखं घासून घासून अंघोळ करायची, धुतलेलं लुगडं नेसायची, आणि मग नातीला मांडीवर घेऊन पेज भरवायची. पेज करायचं काम तिने कोणाला दिलं नाही. "माज्या हाताची पेज खाल्ल्यान की चेडू उबा रवता," म्हणायची.

थोडे दिवस बरे गेले. मग बांगड्याचा हंगाम लागला आणि पोर पुन्हा पडली. आता सांगा, ह्याला काय म्हणायचं? घरात माशाचा काटा नाही, वास नाही, आणि पोरीचे डोळे सुजलेले, छाती वाजतेय. त्रास झाला की डॉक्टरच्या शब्दाप्रमाणे नुसती पेज. पेज दिली की त्रास वाढायचा. त्रास वाढला की आणखी पेज. जानकीने पडवी पुन्हा सारवली, गोधड्या उकळल्या, नवऱ्याला महिनाभर बाहेर खळ्यात, अंगणातच निजवलं. शेवटी शेवटी ती भिंती हुंगत फिरायची. येड लागायचंच काय ते बाकी राहिलं होतं.

सत्यवान एक दिवस म्हणाला, "ह्या आपल्या हवेतच आसा गो. दर्याच्या वाऱ्यात मासो आसा. परत एकदा जर असा झाला, तर तेका वालावलीस नर्मदेकडे ठेवन येतलंय."

नर्मदा ही जानकीची धाकटी बहीण, खाडीच्या आत वालावलीला दिलेली, भातशेतीचं घर.

"तुमचा काय जाता सांगूक? पोर माजी आसा," जानकी ओरडली.

"माजी नाय?" तो म्हणाला, आणि तोंड फिरवून बसला.

आणि परत एकदा झालं. सत्यवानाने पोरीला होडीत घातलं. तुळसा रडलीसुद्धा नाही. जानकी गुडघाभर पाण्यात उभी राहून बघत राहिली, आणि हौसाबाईने काठावर बसून कपाळ बडवून घेतलं.

वालावलीला पोर सुधारली. गाल वर आले, धावायला लागली. म्हणजे खोट देवबागच्याच हवेत, असं सगळ्यांनी धरून टाकलं. पोर जगतेय ह्याचा आनंद करावा की ती आपल्यापासून दूर राहिली तरच जगतेय म्हणून रडावं, हे जानकीला कळेनासं झालं. ती दोन्ही करायची.

असे महिने गेले. चैत्रात हौसाबाईने नातीसाठी रायवळ आंब्यांची बरणी खारात घातली. खारातले आंबे म्हणजे तुळसाचा जीव की प्राण. मुरल्यावर एका सकाळी ती बरणी घेऊन सत्यवान भरतीबरोबर निघाला. आधी वालावल, मग जाळ्याचं सूत आणायला पुढे कुडाळ.

त्या दिवशी हौसाबाईला जरा कणकण होती. म्हणून दुपारी पहिल्यांदाच जानकीने पेज ठेवली. सासूने पेजेच्या मिठाची मडकी वेगळी ठेवलेली, तिच्यातून खडा काढला, पेजेत टाकला आणि बोटाला लागलेलं मीठ सहज जिभेवर ठेवलं.

बांगडा.

ती तशीच उभी राहिली. पुन्हा एक खडा तोंडात टाकला. बांगडाच. वर्षभर माशाला तोंड लावलेलं नव्हतं, म्हणून तिची जीभ कोरी झाली होती. नाहीतर जन्मात कळलं नसतं, इतकी बारीक चव.

"मामी, ह्या मीठ खंयचा?" तिने सासूला विचारलं.

"खंयचा म्हणजे? आपलाच. बांगड्यांतला. धुवन सुकवलंय ता."

बांगडे खारवून उरलेलं, सुपात घालून अंगणात वाळवलेलं ते मीठ जानकी लग्न झाल्यापासून बघत आली होती. ती स्वतः ते वाळत घालायची! त्या किनाऱ्यावर मीठ कोणी टाकत नाही. मीठ म्हणजे लक्ष्मी, पायाखाली आलं तर पुढल्या जन्मी पापण्यांनी वेचावं लागतं. मासे बाहेर गेले, मडकी बाहेर गेली, कपडे बाहेर गेले, पण मिठाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

"तुळसाच्या पेजेत..." तिने मडकी सासूपुढे धरली.

"ह्याच. बांगडो कदीच काढलो गो, मीठ रवला नुसता. मिठाक कसली इली बाधा?" एवढं म्हणेपर्यंत म्हातारीचा चेहरा उतरला. तिला कळलं.

"आणि आंब्यांत?" जानकीने विचारलं.

 हौसाबाई अंथरुणातून उठायला गेली आणि तोल जाऊन भिंतीला धरून राहिली.

जानकी पळत सुटली. खाडीवर वाडीतला बाबली होडी दुरुस्त करत बसला होता. "वयनी, सुकती लागली. पाणी उतरता. भरतीपर्यंत थांब."

"थांबूक माज्याकडे पोर नाय उरूची, बाबल्या! लोट होडी!"

होडी लोटली, इतक्यात मागून हौसाबाई आली, अंगात ताप, केस सुटलेले, कमरेएवढ्या पाण्यातून.

"तुमी खंय येतास? आणि काय करूचा रवला?" जानकी म्हणाली. हे शब्द तिने पुढे कधी मागे घेतले नाहीत, आणि त्यांचं दुःखही तिचं कधी संपलं नाही.

"माका येवंदे गो," म्हातारी म्हणाली. बाबलीने तिला ओढून आत घेतलं.

उलट्या पाण्यावर होडी म्हणजे एक हात पुढे जाते आणि अर्धा हात मागे येते. बाबली वल्हं मारत होता, जानकीने दुसरं वल्हं घेतलं. हातांचे फोड फुटले. उथळ जागी दोघं उतरून चिखलातून होडी ओढायची. हौसाबाईने हात जोडून सुरू केलं, "बा देवा म्हाराजा..."

"गप बसा!" जानकी किंचाळली. "तुमच्या देवाक मीठ दिसला नाय?"

म्हातारीने जोडलेले हात पदराखाली घेतले. जानकीच्या डोळ्यांपुढे एकच चित्र, बरणी उघडी आणि पोरीचे ओठ निळे. सकाळी पोचलेली बरणी. मुलांच्या घरात आंब्यांची बरणी दुपारपर्यंत राहते होय? मेली असेल, तिचं मन म्हणत होतं. मेली असेल, आणि मी इथे चिखलात आहे.

वालावलीला लागले तेव्हा उन्हं उतरली होती. जानकी देवळाच्या पाणंदीने धावत गेली आणि नर्मदेच्या खळ्यात थबकली. नर्मदेची पोरं बाठी चोखत बसली होती. बरणी रिकामी, आडवी पडलेली. आणि तुळसा लोट्यावर, पुढच्या ओसरीवर बसून सागरगोटे खेळत होती. धडधाकट.

जानकीने रिकाम्या बरणीकडे बोट दाखवलं.  "आंबे," एवढंच म्हणाली.

"तेणी तोंडाकसुद्दा लावल्यान नाय बघ," नर्मदा गोंधळून म्हणाली. "आजयेन तुज्यासाटी धाडल्यान म्हणान कितीदा सांगलंय. ऐकूक तयार नाय."

"आजीन धाडल्यान म्हणानच खाल्लंय नाय," तुळसा म्हणाली.

बाबलीच्या खांद्याचा आधार घेत हौसाबाई पाणंदीतून तेव्हाच आत येत होती. तिने ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

जानकीने पोरीला पोटाशी ओढली. हसत होती, रडत होती, एका दमात सगळं सांगत होती. "सापडला गो बाय, सापडला! हवा नाय, दर्यो नाय, मीठ होता ता! आता दुकानातला मीठ हाडूया. आता तुका काय होवचा नाय. चल, घराक चल माज्या बाये."

तुळसाने हळूच अंग सोडवून घेतलं आणि जाऊन नर्मदेचा पदर धरला. "मी येवचंय नाय."

"कित्या गो?"

"थंय आजी माका पेज भरवता."

 नर्मदेची पोरं बाठी चोखायची थांबली. जानकी पोरीपुढे गुडघ्यांवर बसली, समजावलं, शपथा घातल्या, हात जोडले, स्वतःच्या लेकीला हात जोडले. पोर आजीकडे बघायची आणि पदराआड व्हायची.

शेवटी हौसाबाईच बोलली. खळ्याच्या कडेला उभी होती, पुढे आली नव्हती. "बरोबर सांगता चेडू. हयसरच ठेय तेका, जानक्ये. जुलूम करू नको."

भरती यायच्या आधी दोघी परत होडीत बसल्या. ताप चढल्यामुळे म्हातारीचे दात वाजत होते. जानकीने आपला पदर सोडून तिच्या अंगावर घातला आणि तिच्या शेजारी सरकून बसली. मागे वळून बघायचा धीर दोघींपैकी एकीलाही झाला नाही.