पंखावरचा पांढरा चौकोन

शैलजाने मफलरच्या टोकाने दुर्बिणीच्या काचा पुसल्या आणि ती पुन्हा डोळ्यांना लावली. समोर तळ्यात वॉल्टर यांनी आमिष म्हणून सोडलेली प्लास्टिकची बदकं वाऱ्याने हलत होती. दोघं वाळक्या गवताच्या आडोशाला बसली होती.

वॉल्टर टेक्ससमधल्या प्लेनोतले तिचे शेजारी. मिनेसोटापासून लुइझियानापर्यंत त्यांनी आयुष्यभर बदकांची शिकार केली होती. अलीकडे मोतीबिंदूमुळे उडत्या पक्ष्याचा आकार दिसे, पण रंग कळत नसत. आणि जात ओळखल्याशिवाय बंदूक झाडायची नाही, हा तर कायदाच. शैलजा नागपूरची, शाकाहारी. इथे येणाऱ्या बऱ्याच जातींची बदकं तिने हिवाळ्यात अंबाझरी तलावावर पाहिली होती. "मी फक्त ओळखून सांगेन," असं तिने आधीच बजावलं होतं.

"उत्तरेत सप्टेंबरमध्ये फार पंचाईत होते," वॉल्टर कुजबुजले. "तेव्हा नरही माद्यांसारखेच मातकट असतात. इथे टेक्ससला पोचेपर्यंत नटतात."

"आणि माद्या?"

"त्या सगळीकडे तशाच. भल्याभल्यांना फसवतात."

सकाळी वॉल्टर यांनी एक पिनटेल पाडलं होतं. लांब शेपटीवरून ते त्यांनी स्वतःच ओळखलं. पण पिनटेल दिवसाला एकच मारायची परवानगी. दुसरं पडलं, तर लायसन्सवर गदा.

इतक्यात एक मादी एकटीच तळ्यावरून वळली. तपकिरी, बारीक मानेची.

"पिनटेल?" वॉल्टर यांनी बंदूक उचलली.

पंखावर काहीतरी पांढरं चमकलं. चौकोन? की नुसतं ऊन? चौकोन असेल तर गॅडवॉल, ते मारायला हरकत नव्हती. पण हातात घेतल्याशिवाय कळणार कसं?

"गॅडवॉल," शैलजा म्हणाली.

बार झाला. वॉल्टर पाण्यात उतरले आणि पक्षी आणून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला. तिने घाईने पंख उलगडला. कडेला स्वच्छ पांढरा चौकोन होता.

"बरोबर," ती म्हणाली आणि हसली. "बघा, बरोबर ओळखलं मी."

पंख सोडताना बदकाची मान तिच्या मनगटावर कलंडली. ती अजून उबदार होती. शैलजाने हात तसाच ठेवला. बऱ्याच वेळाने तिने पक्षी गवतावर ठेवला, चोचीवरचा चिखल बोटाने पुसला.

थोड्या वेळाने एक जोडी आली. नराचं डोकं हिरवं, चोच पळीसारखी पसरट. थापट्या बदक. ओळखायला दुर्बीणही नको.

"शैला, काय आहे?" वॉल्टर यांनी विचारलं.

ती बघत राहिली. जोडी आडोशाच्या अगदी वरून गेली. पंखांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"शैला?"

"कळलं नाही," ती म्हणाली.

वॉल्टर यांनी तिच्याकडे पाहिलं. मग बंदुकीचा सेफ्टीचा खटका लावून ती गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"उजेडच कमी आहे," ते म्हणाले.

ऊन चांगलं वर आलं होतं.