कोणाचं अक्षर

शेलूबाजारच्या स्टँडवर वहाबचाचा जीपगाड्यांवर नावं रंगवतात. कॉलेजला येता-जाता धम्मदीपा त्यांचा ब्रश बघत थबकायची. त्यांची झोकदार वेलांटी तिला इतकी आवडली, की घरी जुन्या पत्र्यांवर गिरवून गिरवून तिनं दोन वर्षांत हात बसवला.

यंदा गावानं विहाराच्या भिंतीवर ‘धम्मज्योती विहार’ लिहायचं काम तिलाच दिलं. लिहून झालं तसे लोक जमले. देवमनकाका म्हणाले, “वा पोरी! हुबेहूब वहाबचंच अक्षर!”

हे कौतुक झालं की चोरी पकडली गेली, हेच तिला उमजेना. दोन दिवस तिनं ब्रशला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती चाचांनाच भिंतीपुढं घेऊन आली.

“चाचा, खरं सांगा. हे अक्षर तुमचं हाय का माह्यं?”

चाचांनी चष्मा पुसून भिंत न्याहाळली. “वेलांटी म्या कारंज्याच्या एका पेंटरची पाहून उचलली. त्यानं कोणाची उचलली, अल्ला जाने.” मग ते पहिल्या अक्षरापाशी थांबले. “पण हा ‘ध’ कसा काढला तू? अशी गाठ मले नाही जमत.”

“काय माहीत! हात तसा वळला.”

“मंग वळव पुन्हा. मले शिकू दे.”

धम्मदीपा गोंधळली. चाचा बघताहेत म्हटल्यावर ‘ध’ कुठून सुरू करायचा तेच तिला आठवेना. शेवटी हसून तिनं अंदाजानंच ब्रश टेकवला.