पाऊण इंचाचा बोअर

नगरच्या एमआयडीसीतल्या एका बंद वर्कशॉपमधून मी जुना लेथ आणला आणि गोठ्यात बसवला. म्हशीने हरकत घेतली नाही. गावाने घेतली.

लेथवर लोखंड गरगर फिरतं, आपण त्याला हत्यार लावून हवा तो आकार द्यायचा, एवढंच. पहिलं काम म्हणून आईसाठी मिश्रीची डबी करायला घेतली. शिकवणारा वैजनाथ नगरला टर्नर, शिकवणी फोनवर.

"वैजू, बोअर वाकडा चाललाय रे!" मी ओरडलो. लेथवाले आतल्या भोकाला बोअर म्हणतात.

आमच्या गावात ग्रामसभेच्या ठरावाने बोअर घ्यायला बंदी आहे. भिंतीपलीकडे बिभीषणकाका होता. नाव त्याने निवडलेलं नाही, पण निभावलंय.

त्यात लेथचं काम थंड ठेवायला तेल मिसळलेलं पांढरं पाणी सोडावं लागतं. ते मोरीतून रस्त्यावर गेलं. बोअर घेताना खडक लागला की अस्संच पाणी निघतं. दुपारी पाणी समिती गोठ्यात हजर: आबासाहेब, भीमाबाई आणि पुरावा बाटलीत भरून बिभीषणकाका.

"मशीन सील करावं लागंल," आबासाहेब म्हणाले. "खरं सांग आदिनाथ, किती खोल गेलास?"

"पाऊण इंच."

"पाऊन इंचावर पानी लागलं?" भीमाबाईंनी तोंडाला पदर लावला. "आमच्या हिरीला तळाला टिपूस न्हाई!"

"लागलं नाही मावशी. मीच वरून सोडतो."

"कशापायी?"

"छंद म्हणून."

इथे संशय दुप्पट झाला.

"छंद म्हंजी पत्ते," बिभीषणकाका म्हणाला. "ह्यो कायतरी लपवतोय."

आबासाहेब मात्र विचारात पडले. "थांबा. बोअरमधी वरनं पानी सोडतोय. म्हंजी ह्यो पुनर्भरण करतोय की!"

जमिनीत पाणी मुरवणारा माणूस आमच्याकडे पूज्य. तरी मी प्रामाणिकपणे डबी पुढे केली, भोक दाखवलं. आबासाहेबांनी आत डोकावून मान डोलावली.

"बारीक हाय, पर सुरवात चांगली हाय."

लेथ वाचला. ठराव झाला, की आदिनाथने पाऊण इंचाच्या खाली जाऊ नये. मोजायला बिभीषणकाका.

तो रोज येतो, टेप लावतो, मग डबी कानाशी धरून बराच वेळ ऐकत बसतो. त्याचा संशय गेलेला नाही.

काल तो गेल्यावर मीही ऐकलं. खोटं कशाला बोलू, खाली काहीतरी वाहतंय.