एका नंबराची दोन माणसं

मी लॉगिनची खिडकी बोलतेय. तीच ती पांढरी चौकट, मध्ये दोन रकाने, खाली निळं बटण. माझ्यापुढे आजवर कुणी हौसेनं उभं राहिलेलं नाही, आणि हल्ली मलाही माझं तोंड बघवत नाही.

माझा जन्म एका हॉकी संघटनेच्या बैठकीत झाला. तोवर तिकिटांचं दार वेगळं, खेळाडूंच्या नोंदणीचं वेगळं, पंचांच्या परवान्याचं आणखी तिसरंच होतं. दर दाराला निराळा पासवर्ड. लोक ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवत आणि मग वही शोधत बसत. तेव्हा सगळ्यांना मिळून एकच दार करावं, हा विचार काही वाईट नव्हता. वाईट होती ती विचार करणारी मंडळी.

सात महिने मला घडवत होते. त्यातले तीन माझ्या बटणाच्या रंगावर गेले. निळा की जरा कमी निळा? एका साहेबांनी तर 'घरी विचारून सांगतो' म्हणून बैठक पुढं ढकलली. माणूस ओळखायचा कशावरून, हा प्रश्न मात्र चहा निवायच्या आत सुटला. एक माणूस, एक मोबाइल नंबर. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाच्या खिशात दोन-दोन फोन होते.

नोंदणीच्या टेबलावर वीस वर्षं काढलेल्या बाई तेवढ्या म्हणाल्या, "साहेब, आपल्या निम्म्या पोरी बापाच्या नंबरावर नोंदलेल्या आहेत. घरात फोनच एक असतो."

"बाई, जरा रजिस्टरमधून बाहेर या," साहेब म्हणाले. सगळे हसले. हसणं हा त्या खोलीत ठराव मंजूर करण्याचा प्रकार होता.

मग एका सोमवारी सगळी जुनी खाती माझ्यात ओतली. ज्यांचा नंबर एक, ती माणसंही एक झाली. कुणी विचारलं नाही, कुणाला कळवलं नाही. मी मुकाट्यानं गिळत गेले. त्याची शिसारी मला अजून आहे.

त्याच आठवड्यात पंचकाका नोंदणीच्या टेबलाशी आले. बस दुरुस्तीच्या कारखान्यात मिस्त्री, आणि बावीस वर्षं संघटनेचे बिनपगारी पंच. सोबत तेरा वर्षांची लेक, गोलरक्षक. मुलींच्या निवड चाचणीचा अर्ज त्या दिवशी पाचपर्यंतच भरता येणार होता. बाईंनी काकांचा नंबर माझ्यात घातला आणि मी जे दाखवलं ते असं: पंच आणि गोलरक्षक, वय सत्तेचाळीस, गट चौदा वर्षांखालील मुली.

"काका, दाढी करून या. निवड नक्की," बाई म्हणाल्या. कुणीच हसलं नाही. लेकीचे डोळे भरून आले होते.

बाईंनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, खाती वेगळी करायची तर अर्ज द्या, सात दिवस लागतील. नवा नंबर घ्यायचा तर तो उद्या चालू होणार. बाईंचा स्वतःचा नंबर त्यांच्या नोकरीच्या खात्याला आधीच चिकटलेला. भिंतीवर साडेचार वाजून गेले होते.

एकच वाट उरली. त्या खात्यावरचं नाव आणि जन्मतारीख बदलून लेकीची घालायची. बाईंनी ती घातली आणि मी लाल अक्षरांत बजावलं: सदस्य अल्पवयीन असल्याने पंच परवाना कायमचा रद्द होईल. नवा परवाना वयाच्या पंचेचाळिशीपर्यंतच मिळतो, हेही खाली बारीक अक्षरांत सांगितलं. अशा गोष्टी बारीक अक्षरांत सांगायचं मला मुद्दाम शिकवलंय.

"बाबा, नको," लेक म्हणाली. "मी पुढच्या वर्षी देईन चाचणी."

"पुढच्या वर्षी तू चौदाची होशील. गप बस."

"काका, बावीस वर्षं आहेत हो," बाई म्हणाल्या.

"शिट्टी काय बाई, घरातही वाजवता येते. दाबा."

बाईंचा हात पुढं होईना. शेवटी काकांनीच दाबलं. कामावरून तसेच आले होते, काचेवर वंगणाचा ठसा उमटला. 'तुम्हाला खात्री आहे का?' असं मी विचारलं. दोनदा विचारलं. बावीस वर्षांत संघटनेनं त्या माणसाला विचारलेले बहुधा ते पहिलेच दोन प्रश्न. त्यांनी दोन्ही वेळा 'हो' दाबलं. पाचला आठ मिनिटं असताना लेकीचा अर्ज आत गेला आणि मी हिरवी खूण करून 'अभिनंदन' म्हणाले.

चाचणी रविवारी होती. मैदानात शिरायला तिकीट लागतं, फुकटच, पण ते माझ्यातूनच काढावं लागतं. फाटकाशी काकांनी स्वतःचं नाव लिहिलं, नंबर घातला. मी उत्तर दिलं: हा क्रमांक दुसऱ्या सदस्याच्या नावे आहे.

"काका, तुम्हाला कुठलं तिकीट? चला की आत," पहारेकरी म्हणाला. पण फिरतं फाटक माझ्या हुकमाशिवाय फिरत नाही. त्यानं ढकललं, लाथही घातली. काकांनी त्याचा हात धरला. "राहू दे रे. नोकरी जाईल तुझी."

आत लेकीचं नाव पुकारल्याचं फाटकापर्यंत ऐकू आलं. काका जाळीला तोंड लावून उभे राहिले. तिथून गोलाचा फक्त मागचा खांब दिसतो.

मी आहे तिथंच आहे. मला घडवणाऱ्यांचा सत्कार झाला, चांगले हार पडले. वाचकहो, तुम्ही कधी असं दार करायला बसलात, तर रंग कुठलाही द्या. फक्त त्याआधी टेबलावरच्या बाईंना खुर्ची द्या आणि त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत हसू नका.