माथ्यावरचे दोन हात

बाबांकडून गाडीची किल्ली काढून घ्यायची असं घरात ठरलं, तेव्हा बाबा अंघोळीला गेले होते. दादाने ठरवलं, वहिनीने मान डोलावली आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम माझ्याकडे आलं. "तुझं ऐकतात ते," दादा म्हणाला. बाबांनी आजवर कुणाचंच ऐकलेलं नाही, हे त्यालाही माझ्याइतकंच ठाऊक आहे.

कारण साधं होतं. बाबांना कमी दिसायला लागलं होतं. मध्यंतरी त्यांनी फाटकाचा खांब आडवा केला आणि खांबच भलत्या जागी होता, असं शेवटपर्यंत सांगितलं. डोळे तपासायचं नाव काढलं की पेपर उघडून बसायचे.

म्हणून मी नुसतं "समुद्रावर जाऊ" म्हणाले. तिथे एकांतात किल्ली मागणार होते.

जंगलातल्या वाटेवर त्यांनी गाडी अशी नेली, की मला दादाचा राग आला. कुठे मूळ वर आलंय, कुठे खड्ड्यात पाणी साचतं, सगळं पाठ. झाडी संपली तिथे उतरून त्यांनी चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. "टायर पसरला की वाळूत रुतत नाही," हे त्यांनी मला हजाराव्यांदा सांगितलं. मीही हजाराव्यांदा "हो का?" म्हटलं. विषय काढायला जागा बरी होती. मी तोंड उघडलं आणि पाण्याची बाटली लावली.

वाळूची टेकडी चढताना पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून आधी एकाने चालत माथ्यावर जायचं. वाट मोकळी असेल तर एक हात हलवायचा. समोरून गाडी येत असेल तर दोन्ही हातांची डोक्यावर फुली करायची. हे काम बाबा नेहमी स्वतः करायचे. दुसऱ्याच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता.

"तू जा आज," ते म्हणाले. "गुडघे दुखतायत."

गुडघ्यांची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पलीकडून एक जीप जोरात चढत होती. मी दोन्ही हातांची फुली केली. खालून बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि गाडी वर घेतली.

मी ओरडले, पण इंजिनापुढे माझं काय ऐकू जाणार? हात तसेच धरून उतारावरून त्यांच्यासमोर धावत सुटले. अगदी जवळ गेल्यावर त्यांनी ब्रेक मारला. वाळूत चढावर ब्रेक म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे त्यांचंच वाक्य. जीप माथ्यावर थबकली, आम्हाला वळसा घालून निघून गेली.

मी घाबरले होते आणि चिडलेही होते.

"फुली होती?" बाबांनी काच खाली करून विचारलं.

"हो."

"मला वाटलं, ये म्हणतेयस."

त्यांनी हँडब्रेक ओढला. मग उतरले, गाडीला हात लावत लावत पलीकडच्या बाजूला गेले आणि शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावला. किल्ली गाडीलाच होती.

"सरळ मागे घे. चाक वळवू नकोस."

मी घेतली. सपाटीवर आल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दादाला सांग, तू मागितलीस म्हणून दिली."